साझच्या मागे मागे: इस्तंबूल ते सिवास

मिरजेत आमच्या घरामागच्या पत्र्यावर तंबोऱ्याचे भोपळे वाळत पडलेले असतात. आतेभावाचा धंदा तंबोरे-सतारी दुरुस्त करण्याचा. मला नाद तुर्की मालिकांचा, त्यातून तुर्की गाण्यांचा, आणि गाण्यांमधून मोडक्यातोडक्या तुर्कीचा. साझ म्हणजे सतारीसारखं लांब मानेचं तुर्की तंतुवाद्य. ‘ताई, तू गाणी ऐक, मी साझ बघतो,’ एवढ्या करारावर आम्ही दोघं २०२५ च्या ऑक्टोबरात सहा दिवस जाऊन आलो. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असणाऱ्या भारतीयांना तुर्कीचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. आमच्याकडे तो नव्हता, त्यामुळे कागदांची फाईल घेऊन मुंबईच्या खेपा झाल्या. असो.

पहिला दिवस: वापूर

खोली कादिकॉयला, म्हणजे इस्तंबूलच्या आशियाई बाजूला घेतली होती. सामान टाकलं आणि पहिलं काम म्हणजे वापूर, पलीकडे जाणारी बोट. संध्याकाळ, वारा असा की चहाचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागत होता. सीगल पक्षी सिमिटच्या तुकड्यांसाठी बोटीच्या कडेनं उडत होते. सिमिट म्हणजे तीळ लावलेलं कडं-पाव. आपल्या कडक बुंदीच्या लाडवासारखं ते शिळं झालं की दात मागतं, म्हणून सकाळीच घ्यावं.

बोटीवर दोन पोरं चढली, एकाकडे गिटार आणि एकाकडे दारबुका, म्हणजे हातानं वाजवायचा तालवाद्याचा घट. तिसरं गाणं सुरू झालं आणि अख्खा मजला गायला लागला. बाकावरच्या आजीबाई, ऑफिस सुटलेले लोक, सगळे. गाणं जेम काराजाचं होतं, १९७५ चं, ‘तामिरजी चिराय’. गॅरेजमधला दुरुस्तीवाला पोऱ्या आणि गाडी घेऊन आलेली श्रीमंत मुलगी. मुलगी ढुंकून बघत नाही, उस्ताद म्हणतो, कामाचे कपडे घाल आणि कामाला लाग. तामिरजी म्हणजे दुरुस्तीवाला, असं मी भावाला सांगितलं. तो म्हणाला, ‘म्हणजे माझंच की.’

हे गाणं आज बोटीवर आजीबाई गातात, पण गाणाऱ्याची कथा वेगळी आहे. १९८० च्या सप्टेंबरात लष्करानं सत्ता घेतली तेव्हा काराजा जर्मनीत होता. परत ये म्हणून हुकूम निघाला, तो आला नाही. १९८३ साली त्याचं नागरिकत्वच काढून घेतलं. १९८७ मध्ये पंतप्रधान तुर्गुत ओझाल यांनी मध्यस्थी केली तेव्हा तो मायदेशी येऊ शकला. जुन्या डाव्या चाहत्यांपैकी काहींनी त्यासाठीही त्याला माफ केलं नाही.

रात्री रस्त्यावरचे मिद्ये दोल्मा, म्हणजे शिंपल्यात भरलेला मसालेभात. लिंबू पिळून उभ्याउभ्या खायचे. विक्रेता रिकामे शिंपले मोजून पैसे घेतो. भावाचे एकवीस झाले, माझे सांगत नाही.

दुसरा दिवस: उंकापानी

या दिवसासाठी मी आले होते. उंकापानी नावाच्या भागात १९६० च्या दशकात कापड व्यापाऱ्यांसाठी बांधलेलं लांबलचक मार्केट आहे, सगळे त्याला इमेचे म्हणतात. कापडवाल्यांच्या शेजारी रेकॉर्डवाले आले, मग कॅसेटवाले, आणि पुढची तीसेक वर्षं तुर्कस्तानातलं जवळजवळ प्रत्येक लोकप्रिय गाणं या जिन्यांवरून खाली उतरलं. अनातोलियातून, म्हणजे देशाच्या आशियाई भागातून, बसमध्ये साझ घेऊन आलेला पोरगा आधी इथे येऊन दारं ठोठावायचा.

आम्ही साराचहानेकडून चालत गेलो. तिथं महानगरपालिकेची इमारत आहे. मार्च २०२५ मध्ये महापौर इमामोलू यांना अटक झाली तेव्हा आठवडाभर रोज रात्री याच चौकात गर्दी होती. आम्ही गेलो तेव्हा फक्त कबुतरं आणि दोन पोलीस गाड्या. रोमन काळातल्या जलवाहिनीच्या कमानींखालून पुढे गेलं की इमेचे.

मार्केट आता निम्मं झोपलंय. भिंतीवर बेद्री रहमी एय्युबोलू यांचं मोझेक काम आहे, त्याखाली पार्किंग. पण एका गाळ्यात कॅसेटी छतापर्यंत रचलेल्या होत्या आणि काउंटरमागे सत्तरीचे एक काका. ‘हिंदिस्तान’ ऐकताच उठून उभे राहिले आणि गायला लागले, ‘आवारे मू...’ राज कपूरचा ‘आवारा’ १९५० च्या दशकात इथं इतका चालला की १९६४ साली त्याची तुर्की आवृत्तीही निघाली. आमच्या भावानं पुढची ओळ पुरी केली. मग चहा आला, मग दुसरा आला, आणि दोन तास गेले.

काकांचं म्हणणं असं, की ही सगळी भानगड रेडिओनं सुरू केली. १९३४ च्या नोव्हेंबरात आतातुर्कनी संसदेत भाषण केलं की आपलं संगीत आधुनिक झालं पाहिजे, आणि सरकारी बाबूंनी रेडिओवरून जुनं दरबारी वळणाचं तुर्की संगीतच बंद करून टाकलं. वीसेक महिने बंद. लोकांनी काय केलं? काकांनी हवेत एक अदृश्य बटण फिरवलं: ‘काहिरे!’ लोक कैरो रेडिओ ऐकायला लागले. पाठोपाठ इजिप्तचे गाण्यांचे सिनेमे आले. व्हायोलिनांचा तो ताफा तिथून कानात बसला. ज्यांना युरोपकडे न्यायचं होतं ते कैरोकडे गेले, हे सांगताना काका इतके हसले की चहा सांडला.

मग १९६०-७० मध्ये खेड्यांतून लोक शहराच्या कडेला आले, रातोरात उभ्या केलेल्या झोपड्यांत राहायला लागले. त्यांच्यासाठी जे संगीत तयार झालं ते अराबेस्क. साझ आणि व्हायोलिनं, नशिबाला शिव्या, मालकाला न देता येणाऱ्या शिव्या दुनियेला. ओरहान गेन्जेबायचं १९७५ चं ‘बात्सिन बू द्युन्या’ म्हणजे ‘बुडू दे ही दुनिया’. मिरजेच्या माणसाला यातला शेवटचा शब्द समजवावा लागत नाही. सरकारी रेडिओ-टीव्हीनं, म्हणजे टीआरटीनं, अराबेस्कला दारात उभं केलं नाही. ते वाजायचं मिनीबसमध्ये, म्हणून नावही पडलं ‘मिनीबस संगीत’. गेन्जेबाय स्वतः अराबेस्क हा शब्दच मानत नाहीत.

अराबेस्क गायक म्युस्ल्युम ग्युर्सेसच्या कॅसेटवर हात ठेवून काकांनी मनगटावर ब्लेड फिरवल्यासारखं केलं. त्याच्या मैफलीत पोरं भान हरपून स्वतःच्या अंगावर ब्लेड ओढायची. सुशिक्षित लोक त्यावर नाक मुरडायचे. पण मतं झोपड्यांत होती, आणि ओझालना ते बरोबर कळलं. १९८० च्या दशकात अराबेस्क सत्ताधाऱ्यांच्या सभांना चालायला लागलं. १९८९ मध्ये तर सांस्कृतिक मंत्रालयाच्या कृपेनं ‘वेदनारहित अराबेस्क’ काढून झालं. हाक्की बुलुत गायले, लोकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वेदना काढली तर उरतं काय! आणि २०१३ साली कुर्दी प्रश्नावर शांतता घडवायला सरकारनं जी ‘शहाण्या माणसांची’ समिती नेमली, तिच्यात कोण? ओरहान गेन्जेबाय. ज्याला रेडिओवर जागा नव्हती तो राष्ट्राचा शहाणा झाला. ‘आमच्याकडे गाण्याला आधी नोटीस येते,’ काका म्हणाले, ‘हार नंतर. मधली वर्षं मी कॅसेटी विकतो.’

निघताना त्यांनी फेर्दी तायफूर या अराबेस्क गायकाची एक कॅसेट दिली, पैसे घेतले नाहीत. फेर्दी २०२५ च्या जानेवारीत गेले. आमच्याकडे कॅसेट प्लेअर नाही, हे त्यांना सांगितलं नाही.

जेवण जलवाहिनीजवळच्या कादिनलार पाझारीत. हा बाजार देशाच्या आग्नेयेच्या सीर्तकडच्या लोकांचा. पेर्दे पिलावी मागवा: कणकेच्या पातळ आवरणात भात, कोंबडी, बदाम, मनुका असं सगळं भाजून उपडं करतात. पेर्दे म्हणजे पडदा. हा शब्द लक्षात ठेवा, उद्या लागणार आहे.

तिसरा दिवस: गालिप देदे ते हसनुन गालिप

आजचा दिवस भावाचा. त्युनेलपासून खाली उतरणाऱ्या गालिप देदे रस्त्यावर दुतर्फा वाद्यांची दुकानं. पर्यटकांसाठी टांगलेली गुळगुळीत साझ त्यानं एका नजरेत नापास केली. शेवटी एका बोळात वरच्या मजल्यावर कारागीर सापडला, दाढीत भुसा, पायात सपाता.

दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि माझी तुर्की मालिकांमधली, म्हणजे प्रेमभंग आणि वारसाहक्क यापुढे न जाणारी. पण काही अडलं नाही. कारागिरानं तुतीच्या लाकडाचा एक अर्धवट कोरलेला वाडगा पुढे केला. भावानं बोटाच्या पेरानं टिचकी मारली, कान लावला, दुसऱ्या जागी मारली, आणि जिथं जाड वाटलं तिथं नखानं खूण केली. कारागिरानं मान हलवली आणि त्याच जागी पेन्सिलीचा गोल दाखवला. तो त्यानं आधीच काढला होता. मग दांडीवरच्या नायलॉनच्या गाठी. साझचे पडदे धातूचे नसतात, मासे धरायच्या दोऱ्यासारखा दोरा तीन-चार वेढे देऊन बांधतात आणि सुराप्रमाणे सरकवतात. सतारीचे पडदेही दोऱ्यानं बांधलेले, सरकणारे. भावानं बोट ठेवून विचारलं, ‘याला काय म्हणता?’

‘पेर्दे.’

‘पडदा,’ भाऊ म्हणाला. दोघंही एकदम गप्प. मग अर्धा तास ते एकमेकांना गाठी दाखवत बसले आणि मी खिडकीत बसून मांजरं मोजली. सात.

(साझ विमानातून आणणार असाल तर तारा सैल करून, घोडी काढून, कडक पेटीत. आम्ही लहान मानेची ‘जुरा’ घेतली, ती हातातल्या सामानात बसली.)

दुपारी इस्तिकलाल रस्त्यानं तकसीम चौकात. शेजारचं गेझी उद्यान पाहिलं की आश्चर्य वाटतं, एवढंसंच? २०१३ च्या जूनमध्ये इथली झाडं तोडण्यावरून देश पेटला होता. सरकार आंदोलकांना ‘चापुलजू’, म्हणजे लुटारू म्हणालं, तर विद्यापीठातल्या कॉयरनं त्याचंच गाणं केलं. लोक खिडक्यांत येऊन पातेली बडवायचे. कार्देश त्युर्क्युलेर या गटानं त्या पातेल्यांचीच चाल बांधली. एका रात्री एक जर्मन पियानोवादक चौकात मोठा पियानो घेऊन आला आणि पोलिसांसमोर तासन्‌तास वाजवत बसला. आता तिथं मुलं फुगे घेऊन पळत होती. मी एका बाकावर बसून कणीस खाल्लं.

रात्री हसनुन गालिप गल्लीतल्या एका त्युर्क्यू बारमध्ये. त्युर्क्यू म्हणजे लोकगीत. टेबलं खेटून, साझ थेट माईकला, आवाज इतका की ग्लासातलं पाणी थरथरतं. सगळे हात धरून हालाय नाचत होते. एक गाणं कुर्दी झालं. मग अहमेत काया या गायकाचं लागलं आणि नाचणारे जागच्या जागी थांबून गायला लागले.

वेटर स्वतः दियारबाकिर या कुर्दीबहुल शहराचा. तो वाकून माझ्या कानाशी ओरडत सांगत होता, त्यातलं अर्धं मला आधी माहीत होतं. १९८३ च्या एका कायद्यानं कुर्दी भाषेत काही छापणं-प्रसारित करणं बंद होतं, तो कायदा १९९१ ला गेला. पण १० फेब्रुवारी १९९९ च्या रात्री, मनोरंजन पत्रकारांच्या पुरस्कार सोहळ्यात, अहमेत काया म्हणाला की पुढच्या अल्बममध्ये मी एक कुर्दी गाणं गाणार आहे. समोरच्या टेबलांवरून काटे-चमचे उडाले. फेकणाऱ्यांत त्याच्यासारखेच गायक-कलाकार होते, हे मला सगळ्यात जास्त लागतं. त्याच्यावर खटले लागले, तो पॅरिसला गेला आणि २००० च्या नोव्हेंबरात त्रेचाळिसाव्या वर्षी तिथंच वारला. २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्षांचा सर्वोच्च कला पुरस्कार त्याला मरणोत्तर दिला. काल उंकापानीच्या काकांनी सांगितलेला हार तो हाच. वेटरनं डोळ्यासमोर चार बोटं धरली, काट्यासारखी, आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

एक सूचना: उशिरा जाऊन रात्रभर बसू असं ठरवू नका. कोविडचे निर्बंध २०२१ मध्ये उठले तरी संगीतावरची रात्रीची वेळमर्यादा राहिलीच; तेव्हा बाराची होती, मग एकची केली. गायकाचं लक्ष घड्याळाकडेच होतं.

चौथा दिवस: अब्लाचा नाश्ता

आमच्या घरमालकीणबाईंना आम्ही दुसऱ्या दिवसापासून ‘अब्ला’ म्हणत होतो, म्हणजे ताई. आजचा नाश्ता त्यांनी आग्रहानं दिला: ऑलिव्ह, चार तऱ्हेचं चीज, मधात बुडवलेली साय, मेनेमेन (टोमॅटो-मिरचीत ढवळलेली अंडी, पुण्याच्या कुठल्याही भुर्जीवाल्यानं मान तुकवावी). रेडिओवर पॉप गायिका सेझेन अक्सू.

‘हिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही,’ अब्लांनी आधीच बजावलं. मी कशाला बोलतेय! १९८६ सालचं तिचं ‘उन्झिले’ हे बालवधूवरचं गाणं मी पन्नासदा ऐकलंय. २०२२ च्या जानेवारीत तिच्या पाच वर्षं जुन्या गाण्यातल्या आदम-हव्वाच्या उल्लेखावरून काहूर उठलं. राष्ट्राध्यक्ष एर्दोआन शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदीत बोलले की अशा जिभा छाटणं हे आपलं कर्तव्य आहे. तिनं उत्तरादाखल फक्त एका नव्या गाण्याचे शब्द प्रसिद्ध केले, आणि लोकांनी ते कितीतरी भाषांत उतरवले. त्याच ऑगस्टमध्ये पॉप गायिका ग्युल्शेनला स्टेजवर धार्मिक शाळांबद्दल मारलेल्या एका कोटीपायी अटक झाली. पुढे दहा महिन्यांची, पण स्थगित शिक्षा झाली. त्या उन्हाळ्यात रॉक महोत्सवही एकामागून एक रद्द झाले.

गंमत अशी की अब्ला स्वतः एर्दोआनना मत देणाऱ्या. ‘माणूस चुकतो,’ त्या म्हणाल्या. कोण चुकलं ते सांगितलं नाही, आणि मेनेमेन पुन्हा वाढलं.

दुपारी मोदा भागात रॉक गायक बारिश मान्चोचं घर. लांब केस, मिशा, दहाही बोटांत अंगठ्या. १९९९ मध्ये तो गेला तेव्हा डावे-उजवे सगळे रडले म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा शाळेची सहल होती आणि ती पोरं टोमॅटो-मिरची-वांग्याचं त्याचं गाणं कोरसमध्ये ओरडत होती. म्युझियमं सोमवारी बहुधा बंद असतात, त्या हिशेबानं दिवस लावा.

पाचवा दिवस: अंकारा, चुकून

जलद गाडीनं साडेचार तास. घोषणा नीट न ऐकता आम्ही एर्यामानलाच उतरलो, अंकाराच्या अलीकडे. चूक सर्वस्वी माझी. ‘अंकारा’ एवढंच ऐकून मी उठले. लोकलनं शहरात पोचेपर्यंत दुपार झाली, वर पाऊस. त्यामुळे एकच ठिकाण झालं: उलुजानलार तुरुंग, १९२५ ते २००६ पर्यंत चालू होता, आता म्युझियम. विद्यार्थी नेता देनिझ गेझमिश याला ६ मे १९७२ ला इथंच फाशी दिलं. ओल्या भिंती, स्पीकरवरून येणारे आवाज. भाऊ दहा मिनिटांत बाहेर जाऊन उभा राहिला.

मला इथं आठवला रुही सू. अंकाराच्या ऑपेरातला बास गायक, कम्युनिस्ट म्हणून १९५२ पासून पाच वर्षं तुरुंगात. बाहेर आल्यावर तोच ऑपेराचा आवाज त्यानं लोकगीतांना दिला. कर्करोग झाला तेव्हा परदेशी उपचारांसाठी पासपोर्ट वेळेवर मिळाला नाही, १९८५ मध्ये गेला.

रात्री अस्पावात जेवलो. अंकाराची ही खास तऱ्हा: दुरुम (पातळ पोळीत गुंडाळलेलं मांस) एक मागवा, सॅलड, बटाटे, गोड, चहा हे न मागता येतं. शेजारच्या टेबलावर फोन वाजला, रिंगटोन ‘दोंब्रा’. मूळ चाल सुल्तानबेकोव या गायकाची, तो कॉकेशसकडच्या नोगाय या तुर्की वंशाच्या जमातीचा. २०१४ च्या निवडणुकीत उउर इशिलाकनं तिच्यावर एर्दोआनच्या नावाचे शब्द बसवले आणि पुढच्याच वर्षी तो त्यांच्या पक्षाचा खासदार झाला. पलीकडच्या टेबलावरच्या पोरांनी डोळे फिरवले. फोनवाल्या गृहस्थांनी मुद्दाम जरा उशिरा उचलला.

सहावा दिवस: सिवास

अंकाराहून जलद गाडीनं अडीच-तीन तास, आणि थंडी एकदम हाडात. स्वेटर वरच घ्या. सिवासचं नाव साझवाल्यांत आदरानं घेतात. साझवर गाणारा आंधळा लोककवी आशिक वेयसेल याच प्रांतातला. रेडिओसाठी हजारो लोकगीतं गोळा करणारा मुझाफ्फेर सारिसोझेन इथलाच. आणि पीर सुलतान अब्दाल, सोळाव्या शतकातला अलेवी (इस्लाममधल्या एका वेगळ्या पंथाचा) कवी; त्याला इथं फासावर दिलं असं परंपरा सांगते. अलेवी लोकांच्या उपासनेत साझ लागतंच, ते त्याला ‘तारांचं कुराण’ म्हणतात.

पीर सुलतानच्या नावाच्या उत्सवासाठी २ जुलै १९९३ ला लेखक-गायक इथल्या मादिमाक हॉटेलात उतरले होते. शुक्रवारच्या नमाजानंतर जमाव आला, तासन्‌तास घोषणा, मग आग. ३३ पाहुणे आणि हॉटेलचे दोन कामगार गेले. त्यांत मुहलिस आकार्सू, नेसिमी चिमेन, आणि बावीस वर्षांचा हसरेत ग्युल्तेकिन, साझ बोटांनी वाजवण्याची जुनी रीत पुन्हा पुढे आणणारा. मादिमाक ही खरं तर एक रानभाजी, वसंतात उगवते, आपल्या टाकळ्यासारखी लोक खुडून आणतात.

२०११ मध्ये सरकारनं इमारत घेऊन विज्ञान-संस्कृती केंद्र केलं. मेलेल्यांच्या घरच्यांना तिथं स्मृतिसंग्रहालय हवं होतं. उद्‌घाटनाच्या वेळी नावांच्या पाटीवर ३७ नावं होती, कारण हल्लेखोरांपैकी मेलेले दोघेही वर्णानुक्रमे त्यात घातले होते. आम्ही रस्त्याच्या पलीकडे उभे राहिलो. खाली दुकानं, लोक भाजी घेऊन चाललेले. भावानं पाठीवरची जुरा काढली, हातात धरली, परत पाठीवर टाकली. मी काही विचारलं नाही.

सिवासचे कोफ्ते खाल्ले (फक्त मांस आणि मीठ, मसाला शून्य, आणि तरीही), जुन्या मदरशाच्या अंगणात चहा घेतला. गाडी संध्याकाळची.

स्टेशनला जाताना टॅक्सीवाला साठीचा, मिशा पिवळट. जुरा बघून त्यानं रेडिओ बंद केला आणि विचारलं, काय ऐकणार? मी म्हटलं, हसरेत. त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग भावाकडे. फोनवर बराच वेळ बोट फिरवून गाणं शोधलं. लावण्याआधी त्यानं आपल्या बाजूची काच वर केली, मग बटण दाबून आमच्या दोन्ही काचा वर केल्या, आणि मग आवाज वाढवला. बाहेर थंडीही होती म्हणा.